धूळपाटी आणि काचेची पाटी

गरीब शाळेला पुरेसे शिक्षक देतां येत नसतील तर निदान एखादें साधन द्यावें, आणि त्या साधनाच्या बळावर थोड्या शिक्षकांकडून पुष्कळांचें काम करून घ्यावें, ही कल्पना हल्लीं नवी म्हणून मिरविली जाते. कृत्रिम बुद्धिमत्ता व स्मार्टफोन यांचा खेड्यापाड्यांतील शाळांना काय उपयोग होईल, या विषयावर गेल्या तीन-चार वर्षांत इतकीं व्याख्यानें व परिसंवाद झाले आहेत कीं, २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी हें बोलकें यंत्र लोकांपुढें आलें त्याच दिवशीं हा प्रश्नही जन्मास आला, असा कोणाचाही समज व्हावा. वस्तुतः या प्रश्नाची जन्मपत्रिका मांडावयाची तर सव्वादोनशें वर्षांहून मागें जावें लागतें, आणि जन्मस्थळ म्हणून अमेरिकेंतील एखाद्या शहराचें नव्हे, तर मद्रासेकडील एका देशी शाळेचें नांव घालावें लागतें. मधल्या काळांत थोरल्या मुलांच्या तुकड्या, नभोवाणी, उपग्रह, संगणक अशीं किती तरी साधनें शिक्षकाच्या जागीं उभीं करण्यांत आलीं. त्यांपैकीं कोणतें टिकलें, कोणतें धूळ खात पडलें, आणि टिकलें तें कशाच्या जोरावर, हें पाहिल्यावांचून आजच्या यंत्राविषयीं बरें वा वाईट बोलणें आम्हांस तरी प्रशस्त वाटत नाहीं.

अँड्र्यू बेल नांवाचा एक स्कॉच पाद्री १७८७ त मद्रासेस उतरला, आणि १७८९ पासून एग्मोर येथील अनाथ मुलांच्या आश्रमशाळेची देखरेख त्याच्याकडे आली. हीं मुलें कंपनीच्या गोऱ्या शिपायांचीं. शिक्षक थोडे, आणि जे होते त्यांचें कामांत मन नाहीं, ही त्याची नेहमींची तक्रार असे. एके सकाळीं घोड्यावरून रपेट करीत असतां वाटेंतील एका देशी शाळेंत मुलें जमिनीवर पसरलेल्या वाळूंत बोटानें अक्षरें गिरवीत असलेलीं त्याच्या दृष्टीस पडलीं. आपल्याकडील धूळपाटीचाच हा दक्षिणी भाऊ. लांकडाच्या पाटीवर बारीक धूळ पसरावी, तींत अक्षर काढावें, चुकलें तर हात फिरवून पुसावें व पुन्हां काढावें. कागद नको, शाई नको, आणि चुकीची खूणही मागें राहत नाहीं. बेलला ही युक्ति इतकी आवडली कीं, त्यानें परत येतांच आपल्या हाताखालच्या एका शिक्षकास याच रीतीनें मुळाक्षरें शिकविण्यास सांगितलें. हें होण्यासारखें नाहीं, असें त्या गृहस्थानें उत्तर दिलें. तेव्हां बेलनें तो वर्ग जॉन फ्रिस्किन नांवाच्या, एका साध्या शिपायाच्या आठ वर्षांच्या मुलाच्या हवालीं केला. आणि मोठ्या माणसाला जें अशक्य वाटलें तें या पोरानें करून दाखविलें. मग बेलनें सगळी शाळाच त्या धर्तीवर बसविली. थोडें पुढें गेलेल्या मुलानें मागच्यांस शिकवावें, मास्तरानें वर राहून सर्वांवर नजर ठेवावी, अशी ती रचना होती.

बेल १७९६ त विलायतेस परतला व पुढील वर्षीं त्यानें या प्रयोगाचें एक पुस्तक छापलें. इकडे लंडनमध्यें जोसेफ लँकास्टर या तरुणानें १७९८ त गरिबांच्या मुलांसाठीं शाळा काढली होती, आणि एक मास्तर या पद्धतीनें हजार मुलांस शिकवूं शकेल अशी ग्वाही तो देत फिरत होता. या पद्धतीचा खरा जनक बेल कीं लँकास्टर, यावरून पुढें तेथें मोठें रण माजलें. एकाच्या पाठीशीं राजमान्य चर्च, दुसऱ्याच्या पाठीशीं चर्चबाहेरचे पंथ, आणि दोघांच्या दोन स्वतंत्र संस्था. या भांडणांत मद्रासेकडील त्या पंतोजीची साक्ष काढण्याचें मात्र कोणास सुचलें नाहीं.

ही गोष्ट आमच्या प्रांतांत कशी आली तें पाहण्यासारखें आहे. मुंबईस १८२२ त देशी शाळा व शाळापुस्तकें यांच्यासाठीं एक मंडळी स्थापन झाली. तीच पुढें १८२७ पासून बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली जाऊं लागली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा तिला पाठिंबा होता, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे तिचे चिटणीस होते, आणि 'बाळमित्र' लिहिणारे सदाशिव काशिनाथ छत्रे हे तिच्या कामांतले. आरंभींच मंडळीनें देशी शाळांची पाहणी करवून चार उणीवा नमूद केल्या. योग्य पुस्तकें नाहींत, शिकविण्याची सोपी पद्धति नाहीं, लायक शिक्षक नाहींत आणि पैसा नाहीं. या यादीवर आज एखाद्या जिल्हा परिषदेचा शिक्का मारला तर तारीख ओळखणें कठीण जाईल. पद्धतीच्या उणीवेवर उपाय म्हणून लँकास्टरचीच योजना स्वीकारण्यांत आली. म्हणजे मद्रासेच्या वाळूंतून उचललेली वस्तु विलायतेची वारी करून, विलायती नांव धारण करून मुंबईस परत आली. आणि ज्या पंतोजींच्या शाळांत थोरलीं मुलें धाकट्यांकडून पावकी-निमकीची उजळणी करवून घेतच होतीं, त्याच शाळांना ती सुधारणा म्हणून शिकविण्यांत आली.

आतां या पद्धतीचें सामर्थ्य कशांत होतें? केवळ स्वस्ताईंत नव्हे. शंभर मुलांच्या वर्गांत मास्तर बोलत राहिला तर एकेका मुलाचें म्हणणें त्याच्या कानांपर्यंत पोहोंचत नाहीं. दहा मुलांच्या तुकडीवर एक फ्रिस्किन असला तर प्रत्येक मुलाला आपला धडा कोणाला तरी म्हणून दाखवितां येतो, आणि चुकला तर तिथल्या तिथें 'चुकलास' असें कोणी तरी सांगतो. मुलाचें उत्तर ऐकणारा कान, ही त्या पद्धतीनें गरीब शाळेला दिलेली खरी देणगी होय. तिची मर्यादाही तेथेंच होती. आठ वर्षांचा गुरु 'चुकलास' असें सांगूं शकतो. कां चुकलास तें त्याला सांगतां येत नाहीं, कारण तें त्यालाच ठाऊक नसतें. पाढे, मुळाक्षरें, शुद्धलेखन येथवर गाडी चाले, आणि जेथें समजावून देण्याचें काम येई तेथें ती अडे. इंग्लंडनें हें लौकर ओळखलें. १८४६ त सरकारनें शिकाऊ शिक्षकांस वेतन व शिक्षणशास्त्राचे धडे देण्याची तजवीज केली, आणि लँकास्टरची हजारी शाळा तेथें हळूहळू मावळली. मुंबई इलाख्यांत १८४५ त शिक्षक तयार करण्याचा वर्ग बाळशास्त्री जांभेकरांच्या हवालीं करण्यांत आला. परंतु दुसऱ्याच वर्षीं बाळशास्त्री वारले. आपल्याकडे शिक्षकावर खर्च करण्याची गोष्ट नंतरही वादाचीच राहिली. १८८२ त हंटर आयोगापुढें निवेदन देतांना जोतीराव फुले यांनीं प्राथमिक शाळेंतील शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याचा दरमहाचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, व मोठ्या गांवीं तो पंधरा ते वीस असावा, असें नेमक्या आंकड्यांनिशीं मांडलें होतें. शेतकऱ्याच्या सारापट्टीवर चालणारें शिक्षणखातें शेतकऱ्याच्या मुलास चांगला शिक्षक देत नाहीं, हें त्यांचें गाऱ्हाणें होतें. त्या बारा रुपयांचा विसर पडूं देऊं नये, इतकीच वाचकांस आमची विनंति आहे. पुढील प्रत्येक साधनाच्या वेळीं ते आठवावे लागतात.

साधनांची पुढची पिढी बोलणारी होती, पण बहिरी होती. नभोवाणी हें तिचें पहिलें अपत्य. शाळांसाठीं नभोवाणीचे कार्यक्रम आपल्या देशांत १९३७ च्या सुमारास सुरू झाले. परंतु या साधनाचा सर्वांत बोधप्रद प्रयोग शाळेंत न होतां पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत, प्रौढ शेतकऱ्यांवर झाला. १९५६ त युनेस्कोच्या साह्यानें पुणें केंद्रावरून पांच जिल्ह्यांतील सुमारें दीडशें गांवांसाठीं मराठींत वीस कार्यक्रम देण्यांत आले. प्रत्येक गांवीं वीसेक शेतकऱ्यांचें एक मंडळ जमे, कार्यक्रम ऐके, आणि तो संपल्यावर पाटी-पेन्सिल घेऊन बसलेल्या चालकाच्या पुढें त्यावर चर्चा करी. शंका लिहून केंद्राकडे पाठवी व त्यांचीं उत्तरें पुढील कार्यक्रमांत येत. टाटा समाजविज्ञान संस्थेंत त्या वेळीं असलेले पॉल न्यूराथ यांनीं त्याची बारकाईनें पाहणी केली. मंडळें असलेलीं गांवें, नुसता रेडिओ असलेलीं गांवें व रेडिओही नसलेलीं गांवें अशी तुलना त्यांनीं केली, आणि निष्कर्ष असा निघाला कीं, मंडळांच्या गांवीं लोकांच्या ज्ञानांत चांगलीच भर पडली, तर जेथें नुसता रेडिओ वाजत होता तेथें ती नाममात्रच होती. रेडिओ तोच, आवाज तोच, मराठी तीच; फरक इतकाच कीं, एका ठिकाणीं ऐकल्यानंतर कोणी तरी 'तुम्हांला काय वाटतें?' असें विचारीत होता. १९५९ नंतर ही योजना देशभर नेण्यांत आली. रेडिओ पोहोंचविणें सोपें असतें, तो चालक गांवोगांवीं निर्माण करणें सोपें नसतें, आणि मंडळें कागदावर जितकीं वाढलीं तितका त्यांतला जीव वाढला नाहीं.

त्यानंतर आकाशांतून चित्रें उतरलीं. विक्रम साराभाई यांचें स्वप्न असें होतें कीं, ज्या खेड्यांत रस्ता नाहीं तेथें दूरचित्रवाणी आधीं पोहोंचावी. १९६९ त अमेरिकेच्या नासा संस्थेशीं करार झाला. साराभाई १९७१ च्या अखेरीस गेले. पण १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत एक वर्षभर अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह भारताच्या सेवेस उभा राहिला, आणि सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत, तारेच्या जाळीच्या छत्र्या उभारून, सकाळीं दीड तास मुलांसाठीं व संध्याकाळीं अडीच तास मोठ्यांसाठीं कार्यक्रम दिसूं लागले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. या प्रयोगाची थोरवी आम्ही कमी लेखीत नाहीं. अभियांत्रिकीच्या दृष्टीनें तो अपूर्वच होता. पण शाळेपुरतें पाहिलें तर मुलांची भाषा व कुतूहल यांत कांहीं भर पडली, आणि शाळेंत नांव घालणाऱ्यांची व टिकून राहणाऱ्यांची संख्या होती तेथेंच राहिली. ज्याची फारशी आठवण काढली जात नाहीं अशी एक गोष्ट मात्र याच वर्षांत घडली. सुट्टीच्या दिवसांत हीच यंत्रणा शिक्षकांसाठीं वापरली गेली. बारा-बारा दिवसांच्या दोन वर्गांत मिळून पन्नास हजारांच्या आसपास प्राथमिक शिक्षकांस विज्ञान कसें शिकवावें याचें शिक्षण देण्यांत आलें, आणि पडद्यावरील पाठाबरोबर त्यांच्या हातीं प्रयोगाचें साहित्य व चर्चेस माणूसही देण्यांत आला. उपग्रह वर्षअखेर परत गेला. जें शिक्षकांच्या हातांत उतरलें होतें तें मागें राहिलें.

संगणकांविषयीं थोडक्यांत सांगतां येईल, कारण तीच कथा पुन्हां पुन्हां घडली आहे. १९८४ त केंद्र सरकारनें निवडक शाळांत बीबीसी मायक्रो जातीचे संगणक धाडले. पुष्कळ ठिकाणीं त्यांचा उपयोग पाहुण्यांस दाखविण्यापुरता झाला व बाकीचे दिवस ते झांकून, खोलीला कुलूप घालून ठेवले गेले. सरकारी वस्तु बिघडली तर जबाबदार कोण, ही भीति आपल्या खात्यांत विद्येपेक्षां बलवत्तर आहे. २००७ त रायगड जिल्ह्यांतील खैराट या लहान गांवीं 'प्रत्येक मुलास एक संगणक' या जागतिक चळवळीचा भारतांतील पहिला प्रयोग झाला. त्या चळवळीची खरी कसोटी पेरू देशांत लागली. तेथें सरकारनें आठ लाखांहून अधिक लहान संगणक मुलांस वांटले, आणि २०१२ त तीनशेंहून अधिक शाळांची पाहणी प्रसिद्ध झाली तेव्हां गणितांत व भाषेंत कांहींच फरक आढळला नाहीं.

याहून निराळी, आणि खरोखर मनोहर, कथा दिल्लीच्या कालकाजींतील भिंतीची. २६ जानेवारी १९९९ रोजीं सुगत मित्र यांनीं आपल्या कचेरीच्या व शेजारच्या झोपडपट्टीच्या मधल्या भिंतींत भोंक पाडून एक संगणक बसविला आणि मुलांना तो कोणीही शिकविला नाहीं. मुलें आपली आपण शिकलीं. पडद्यावरील बाणाला त्यांनीं 'सुई' म्हटलें आणि थांबण्याची खूण म्हणून दिसणाऱ्या वाळूच्या घड्याळाला 'डमरू'. ज्या मुलांना कोणी शब्द दिले नव्हते त्यांनीं ते घडविले, यांत आनंद वाटण्यासारखें पुष्कळ आहे. परंतु या भिंतीवरून 'मुलें शिक्षकावांचून शिकतात' असा जो सिद्धान्त जगभर नेण्यांत आला तो आम्हांस मान्य नाहीं. पायल अरोरा यांनीं २०१० त प्रसिद्ध केलेल्या लेखांत अल्मोडा व हवालबाग येथील अशाच दोन केंद्रांची स्थिति नमूद केली आहे. तीं थोडक्याच काळांत बंद पडलीं होतीं. सुई व डमरू हीं नांवें ठेवणारें मूल पुढें भागाकाराकडे कसें वळावें, हें त्या भिंतीला विचारतां येत नव्हतें.

महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर या इतिहासांत एक पान समाधानाचें आहे. सोलापूर जिल्ह्यांतील माढें तालुक्यांत परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेंत रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांतील कवितांच्या व धड्यांच्या शेजारीं चौकटीदार खुणा छापून चिकटविल्या. मोबाईल त्यावर धरला कीं त्या धड्याचें गायन, चित्रफीत वा स्वाध्याय समोर येई. पुढें राज्यानें आपल्या पाठ्यपुस्तकांत ही रीत घेतली, आणि देशांतील इतर पुस्तकांतही ती गेली. ३ डिसेंबर २०२० रोजीं त्यांस दहा लाख डॉलरचें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें व त्यांतील निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. पारितोषिकाची बातमी सर्वांनीं वाचली. पण आमच्या मतें महत्त्वाची गोष्ट अशी कीं, हें साधन वरून आलेलें नव्हतें. कोणता धडा मुलांना जड जातो हें ज्याला ठाऊक होतें त्यानेंच तें त्या धड्याशेजारीं चिकटविलें होतें.

त्याच वर्षीं सगळ्या देशाची परीक्षा झाली. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या आणि शिक्षण 'ऑनलाईन' सुरू असल्याचें जाहीर झालें. त्या सप्टेंबरांत 'असर'च्या पाहणींत ग्रामीण भागांतील शाळेंत नांव असलेल्या मुलांपैकीं ६१.८ टक्के मुलांच्या घरीं स्मार्टफोन होता. दोन वर्षांपूर्वीं तो ३६.५ टक्के घरीं होता. तरीही पाहणीच्या आदल्या आठवड्यांत शाळेकडून कसलेंही अभ्याससाहित्य मिळालेलीं मुलें जेमतेम एक तृतीयांशाच्या वर भरलीं. फोन घरीं असणें व फोन मुलाच्या हातीं असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बाप कामावर गेला कीं फोन त्याच्याबरोबर जातो, आणि घरांत भाऊ-बहीण दोघें शिकत असलीं तर फोन आधीं कोणाच्या हातीं जातो, हें सांगण्याची गरज नाहीं. पालघर व नाशिक जिल्ह्यांच्या आदिवासी पाड्यांत तेव्हां ध्वनिक्षेपक लावून 'बोलकी शाळा' भरविण्यांत आली. सोलापुरांत निलमनगर भागांत घरांच्या भिंतींवर धडे रंगविले गेले. जगांत उपग्रहांची गर्दी झाली असतां मूल पुन्हां भिंतीवरचीं अक्षरें व कानावर पडणारा आवाज यांच्यापाशीं आलें. जे शिक्षक पाड्यापाड्यांवर झाडाखालीं पांच-सात मुलें जमवून बसले त्यांची कोठें मोजदाद नाहीं.

आतां कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळूं. येथवर सांगितलेल्या यंत्रांहून हें यंत्र एका बाबतींत खरोखर निराळें आहे, आणि तें मान्य न करणें हा हटवादीपणा होईल. रेडिओ बोलत होता, दूरचित्रवाणी दाखवीत होती. मुलाचें उत्तर ऐकणारा कान दोघांनाही नव्हता. फ्रिस्किनला तो होता; त्याच्यानंतर यंत्रांत तो प्रथमच आला आहे. याची चाहूल जरा आधींच लागली होती. दिल्लींत २०१५ त माध्यमिक वर्गांतील ६१९ मुलांवर एक काटेकोर प्रयोग झाला व २०१९ त तो छापला गेला. मुलाच्या उत्तरांवरून त्याची पायरी ओळखून त्याच पायरीचे प्रश्न घालणारा संगणक, आणि त्याच्या जोडीला लहान गटाला शिकविणारा माणूस, अशी ती शिकवणी होती. आरंभीं पाहतां सहावींतलीं मुलें गणितांत सरासरीनें अडीच इयत्ता मागें होतीं, नववींतलीं साडेचार. वर्गांतील शिक्षक मात्र नववीचें पुस्तक उघडून नववीचेंच शिकवीत असे, कारण अभ्यासक्रमाचें वेळापत्रक त्याच्या मानेवर बसलेलें होतें. साडेचार महिन्यांत या मुलांची गणितांतील प्रगति शिकवणी न मिळालेल्यांच्या दुपटीहून अधिक झाली. मूल कोठें उभें आहे हें ओळखून तेथून त्याचा हात धरणें, ही कोणत्याही चांगल्या पंतोजीची विद्या. साठ मुलांच्या वर्गांत ती हरवते, आणि यंत्र ती थोडीबहुत परत आणूं शकतें. घाना देशांत व्हॉट्सअॅपवरून गणित घालणाऱ्या 'रोरी' नांवाच्या यंत्रशिक्षकानेंही, आठवड्यांतून दोनदां अर्धा-अर्धा तास शाळेंतच फोन देऊन, आठ महिन्यांत असाच चांगला फरक पाडला. नायजेरियांतील बेनिन शहरांत २०२४ त शाळा सुटल्यावर सहा आठवडे मुलें जोडीजोडीनें संगणकापुढें बसलीं व यंत्राशीं इंग्रजींत बोललीं. त्यांचेंही पाऊल पुढें पडलें. तेथें प्रत्येक वर्गांत शिक्षक उभा होता. आज काय विचारावयाचें तें तो ठरवी, आणि शेवटीं मुलांकडून वदवून घेई.

दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. तुर्कस्तानांत सुमारें एक हजार विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. कांहींना गणित सोडवितांना नुसतेंच यंत्र दिलें, कांहींना शिक्षकांच्या सल्ल्यानें बांधून घातलेलें, म्हणजे उत्तर न देतां फक्त वाट सुचविणारें यंत्र दिलें, व कांहींना कांहींच दिलें नाहीं. सराव चालू असतां यंत्रवाल्यांचीं गणितें धडाधड सुटलीं. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हां मोकळें यंत्र वापरलेले विद्यार्थी कांहींच न मिळालेल्यांपेक्षां १७ टक्क्यांनीं मागें पडले. बांधलेलें यंत्र वापरणाऱ्यांचें मात्र तसें नुकसान झालें नाहीं. फ्रिस्किनला उत्तर येत असे पण कारण येत नसे. या यंत्राला दोन्ही येतें, आणि तें मागितल्याबरोबर देऊन टाकतें, हाच त्याचा दोष. शहरांतील सुखवस्तु घरीं आई जवळ बसून 'आधीं तूं करून बघ' असें म्हणते. ज्या घरीं असें म्हणणारें कोणी नाहीं तेथें मोकळें यंत्र काय करील, याचा अंदाज आपल्याच देशांतील आंकड्यांवरून येतो. २०२४ च्या 'असर' पाहणींत १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकीं ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरतां येत होता; आठवड्याभरांत ५७ टक्के मुलांनीं तो शिक्षणाच्या कांहीं कामासाठीं, तर ७६ टक्क्यांनीं समाजमाध्यमांसाठीं वापरला होता.

भाषेचा प्रश्न आम्ही निराळा काढतों, कारण तो आमच्या घरचा आहे. हीं यंत्रें छापील मजकुरावर पोसलेलीं असतात. इंग्रजीचा साठा अफाट. मराठीचा त्या मानानें फार थोडा, आणि देवनागरी शब्दाचे अधिक तुकडे करून यंत्राला तो पचवावा लागतो, म्हणून तेंच उत्तर मराठींत मिळवावयास खर्चही अधिक येतो. तरी मराठी मुलाचें आज बऱ्यापैकीं निभतें. परंतु मेळघाटांतील कोरकू बोलणारें मूल किंवा सातपुड्यांतील पावरी बोलणारें मूल पहिलींत येतें तेव्हां त्याला मराठीही नवीच असते. त्याच्या भाषेंत छापलेलें फारच थोडें आहे. म्हणून ज्या मुलाला ऐकणाऱ्या कानाची गरज सर्वांत मोठी, त्याच्याच बाबतींत यंत्राचा कान सर्वांत जड. तेथील शिक्षकानें दोन वर्षें राहून त्या बोलींतले शब्द उचलले असतील तर तोच एक दुभाषा. त्याची बदली झाली कीं शब्द त्याच्याबरोबर जातात. यंत्राला हे शब्द शिकवावयाचे तर तेही या शिक्षकांनाच विचारून शिकवावे लागतील. अशा कामाला कोणी पैसे मंजूर केले तर तो पैसा आम्ही फोन वांटण्यावर खर्च झालेल्या पैशापेक्षां अधिक सत्कारणीं लागला असें समजूं.

आणि येथें ते बारा रुपये पुन्हां आठवतात. यंत्र विकणारा 'शिक्षक कमी करा' असें कधीं म्हणत नाहीं. तसें म्हणण्याचें काम अंदाजपत्रक करतें. आपल्या राज्यांत वीस वा त्याहून कमी पट असलेल्या शाळा चौदा हजारांवर आहेत असें २०२३ त सांगण्यांत आलें, आणि त्या मिटवून समूहशाळा कराव्या असा विचार निघाला. सबंध देशांत २०२४-२५ त एकशिक्षकी शाळा एक लाखाच्या वर होत्या व त्यांत तेहेतीस लाखांहून अधिक मुलें होतीं. अशा शाळेंत चार इयत्ता एका खोलींत बसतात. पहिलीच्या मुलाच्या हाताला धरून 'क' काढून घ्यावा तर चौथीचे अपूर्णांक राहतात. अपूर्णांक घ्यावे तर पहिलीचीं मुलें दाराबाहेर जातात. या गुरुजींनीं चौथीच्या मुलांपुढें बांधलेलें यंत्र ठेवावें व स्वतः पहिलींत बसावें, ही सोय खरी आहे, मोलाची आहे, आणि ती मिळावी असें आम्हांस मनापासून वाटतें. फ्रिस्किनची जागा ती हीच. फक्त तो फोन बहुधा गुरुजींच्या स्वतःच्या मालकीचा असतो, त्याचें रिचार्ज त्यांच्या पगारांतून होतें, आणि हजेरी, पोषण आहार, सर्वेक्षण यांची माहितीही त्याच फोनवरून वर पाठवावयाची असते. महिन्यांतून केव्हां तरी गुरुजींस तालुक्याच्या बैठकीस बोलावणें येतें. त्या दिवशीं शाळेचें कुलूप उघडावयास दुसरें कोणी नसतें, आणि यंत्रशिक्षक गुरुजींच्या खिशांत बसून तालुक्यास गेलेला असतो.